जुन्या डेबियनवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं की थांबायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं चाललंय ते दोघांनाही कळेल. घाटंजी तालुक्यातली शाळा, १४ संगणक. दहावर डेबियन १२ (डेबियन म्हणजे विंडोजऐवजी वापरायची मोफत लिनक्स सिस्टिम), चारवर ३२-बिटचं डेबियन ११. रॅम कुठे २ जीबी, कुठे ४. इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि विजेची लाइन कधी जाईल याचा नेम नाही. पंचायत समितीकडून येणाऱ्या एक्सेलच्या फाइली नीट चालत नाहीत, मराठी पत्रांची पानं सरकतात, आणि मुलांना फोटो-चित्रांसाठीचं जिम्प ३ शिकवायचंय. नवं लिब्रऑफिस (एक्सेल-वर्डच्या जागी वापरतो ते) आणि नवं जिम्प या जुन्या आवृत्त्यांवर बॅकपोर्ट करावं, म्हणजे जुन्या सिस्टिमसाठी बांधून चढवावं, की सगळी लॅबच डेबियन १३ वर न्यावी, असं तुम्ही विचारलंत.

हा एक प्रश्न नाही. एक्सेल, मराठी पत्रं, जिम्प आणि ते चार जुने डबे या चौघांची उत्तरं वेगळी निघतात. त्यातल्या एकाला तर आवृत्तीशी काही देणंघेणंच नाही, म्हणून त्याच्यापासून सुरू करतो.

पानं सरकण्याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतो. सरकारी पत्र विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय या फॉन्टमध्ये टाइप झालेलं असतं. तुमच्या डेबियनवर ते फॉन्ट नाहीत, म्हणून त्यांच्या जागी लोहित किंवा नोटो येतो. अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची बदलली की दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं आणि सहीची जागा तिसऱ्या पानावर जाते. उद्या लिब्रऑफिसची सगळ्यात नवी आवृत्ती टाकली तरी हेच होणार. उपाय असा: ऑप्शन्समध्ये लिब्रऑफिसच्या खाली फॉन्ट्सचं पान आहे, तिथे बदली-तक्ता चालू करून मंगलसमोर नोटो सॅन्स देवनागरी लिहा आणि ‘ऑल्वेज’वर खूण करा. निदान सगळ्या १४ संगणकांवर पत्र एकसारखं तरी दिसेल. मंगलची ओळ मुळातच उंच असते, त्यामुळे पानं तंतोतंत जुळतील असं मी म्हणत नाही. पत्रात काही भरायचं नसेल, नुसतं छापून सही करायची असेल, तर पीडीएफच मागवा.

आणि पत्र उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसत असेल, तर ते डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं आहे. तिथे कन्व्हर्टर लागतो, बॅकपोर्ट नाही.

एक्सेलचं मात्र खरंच आवृत्तीवर अडतं, निदान काही फाइलींपुरतं. अडलेल्या खान्यावर क्लिक करून सूत्र बघा. त्यात एक्सलुकअप, फिल्टर, युनिक, सॉर्ट यांपैकी एखादं फंक्शन असेल, तर ही सगळी लिब्रऑफिसच्या कॅल्कमध्ये २४.८ या आवृत्तीत, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये आली. डेबियन १२ सोबत ७.४ येतं आणि डेबियन ११ सोबत ७.०. त्या दोन्हींना ही फंक्शनं ठाऊकच नाहीत, म्हणून खान्यात नावाची चूक दिसते. ७.० मध्ये आणखी एक गोची आहे: तिथे १०२४ स्तंभच मिळतात, १६,३८४ स्तंभ ७.४ पासून मिळू लागले. म्हणजे नवी आवृत्ती हवी आहे असं सिद्ध झालं. ‘नवं आहे म्हणून’ आणि ‘अमुक फंक्शन नाही म्हणून काम अडतंय’ यात फरक आहे. पहिल्या कारणासाठी मी कधीच बॅकपोर्ट करायला सांगत नाही.

आता बॅकपोर्टकडे. पुढच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर मागच्या आवृत्तीच्या लायब्रऱ्यांवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार भागांवर) नव्याने बांधून घ्यायचं, याला बॅकपोर्ट म्हणतात. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, तसं. डोळा नवा, खुंट जुना. डोळा जमेल की नाही ते खुंटावर ठरतं, आणि डोळ्यासाठी खुंटच उपटायची वेळ आली तर त्याला कलम म्हणत नाहीत.

म्हणून ठरवताना मी पहिल्यांदा हे बघतो की हे पॅकेज फांदीच्या टोकाचं आहे की बुंध्यातलं. लिब्रऑफिस टोकाचं. त्याच्यावर दुसरं फारसं काही अवलंबून नाही, बिघडलं तर काढून टाकता येतं. जीटीके, ग्लिब, मेसा, पायथन हे बुंध्यातले, बाकीचे प्रोग्रॅम यांच्यावर उभे असतात. यांना हात लावला की पूर्ण डेस्कटॉप हलतो. दुसरी गोष्ट ही की ते बॅकपोर्ट दुसरं कोणी आधीच सांभाळतंय का. सांभाळत असेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांच्याकडून येतात. तुम्ही स्वतः बांधलं तर दर दुरुस्तीला तुम्हीच बांधायचं, आणि उद्या तुमची बदली झाली तर तुमच्या जागी येणाऱ्या गुरुजींनी. लॅबसाठी हा दुसरा मुद्दा पहिल्याहून मोठा आहे. पहिल्या दिवशी पॅकेज बांधून होतंच. सातव्या महिन्यात त्याच्याकडे बघायला कोणी नसतं.

लिब्रऑफिसच्या बाबतीत दोन्ही उत्तरं बाजूने आहेत. डेबियनच्या अधिकृत बुकवर्म-बॅकपोर्ट्स भांडारात ते आहे (बुकवर्म हे डेबियन १२ चं नाव, भांडार म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात ती जागा). दहा संगणकांवर ते घ्या. फक्त घेण्याची रीत नीट पाळा.

भांडाराच्या यादीत बुकवर्म-बॅकपोर्ट्सची ओळ घातली म्हणून आपोआप काही बदलत नाही. नेहमीच्या भांडाराची प्राधान्य-संख्या ५०० असते, बॅकपोर्ट्सची १००. त्यामुळे तुम्ही नाव घेऊन मागितलं तरच तिथून काही येतं. पण एकदा आणलेलं पॅकेज पुढे त्याच भांडारातून अद्ययावत होत राहतं, हे सोयीचं आहे. ओळ घालून अपडेट केलं की आधी ‘ॲप्ट पॉलिसी लिब्रऑफिस’ चालवा (ॲप्ट म्हणजे डेबियनचं पॅकेजं आणायचं साधन). दोन्ही भांडारांतल्या आवृत्त्या समोर येतील. बॅकपोर्ट्समधला आकडा २४.८ किंवा त्याच्या पुढचा आहे ना, ते बघा, कारण आपल्याला एक्सलुकअप हवंय.

मग खरं इन्स्टॉल करण्याआधी ‘डॅश-एस’ लावून कोरडी फेरी काढा. काय काय बदलेल ते ॲप्ट सांगतं, पण करत काही नाही. या यादीवर घाई करू नका. ‘काढली जातील’ या मथळ्याखाली तुम्ही न सांगितलेलं एखादं नाव असेल तर थांबा. लिबसी, जीटीके, ग्लिब, सिस्टमडी यांपैकी काही बदलत असेल तरी थांबा, कारण मग यादीत भलतंच भांडार घुसलेलं आहे. लक्ष्य-भांडार सांगायला ‘डॅश-टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स’ लावतात. त्याने मागितलेल्या पॅकेजसोबत त्याची अवलंबनंही बॅकपोर्ट्समधून येतात. लिब्रऑफिसला ते हवंच आहे, कारण त्याचे तुकडे एकाच आवृत्तीचे असावे लागतात. पण हाच डॅश-टी सवयीने सगळीकडे लावू नका, नाहीतर गरज नसलेल्या लायब्रऱ्याही नव्या येऊन बसतात. मराठी मेनूसाठीचं एल१०एन-एमआर हे पॅकेज आणि जीटीके३ चा जोडभाग यांची नावंही त्याच आज्ञेत द्या. जोडभाग राहून गेला की खिडक्या विंडोज ९८ सारख्या दिसतात आणि मग ‘नवं लिब्रऑफिस खराब आहे’ अशी तक्रार येते.

दहा संगणकांना दहा वेळा हॉटस्पॉट जाळायची गरज नाही. एका संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. ते ३१४२ या पोर्टवर ऐकतं. बाकीच्या नऊ जणांना ॲप्टच्या प्रॉक्सीत त्याचा पत्ता द्या. पहिल्याने उतरवलेलं बाकीच्यांना लॅबच्या तारेवरूनच मिळेल. इथे नेहमी एक चूक होते: भांडाराचे पत्ते एचटीटीपीएसचे असतील तर कॅशरला त्यातलं काही साठवता येत नाही आणि दहाही जण पुन्हा बाहेरच जातात. पत्ते साधे एचटीटीपीचे ठेवा. पॅकेजांची खातरजमा सहीने होते, त्यामुळे त्यात धोका नाही.

लाइनीसाठी: आधी नुसतं उतरवून घ्या, ॲप्टला ‘डाउनलोड-ओन्ली’ सांगता येतं. बसवायचं काम इन्व्हर्टरवर असताना करा. उतरवताना लाइन गेली तर काही बिघडत नाही, पण पॅकेज उलगडत असताना गेली तर डीपीकेजीचं, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम अर्धवट राहतं. तसं झालंच तर घाबरून पुन्हा फॉरमॅट मारू नका. डीपीकेजीला ‘कॉन्फिगर, डॅश-ए’ सांगा, त्यानंतर ॲप्टला ‘फिक्स-ब्रोकन’ सांगा. बहुतेक वेळा तेवढ्यात मार्गी लागतं.

लिब्रऑफिसवाले स्वतः त्यांच्या साइटवर डेब पॅकेजांचा गठ्ठा देतात, तो का नको, हेही तुम्ही विचाराल. तो ऑप्ट या फोल्डरात वेगळा बसतो, डेबियनच्या लिब्रऑफिसशेजारी राहू शकतो, आणि एखाद्या संगणकावर नुसतं पारखून बघायला बरा आहे. पण तो ॲप्टच्या भांडारातून येत नाही, म्हणून अद्ययावतही होत नाही. दर दुरुस्तीला गठ्ठा पुन्हा उतरवायचा, गुणिले दहा. शिवाय दोन्ही लिब्रऑफिस होम फोल्डरमधलं एकच प्रोफाइल वापरतात. नव्याने लिहिलेली सेटिंग जुन्याने वाचली की कधी टूलबार गायब होतात, कधी उघडताच बंद पडतं. तसं दिसलं तर कॉन्फिग फोल्डरातल्या लिब्रऑफिसच्या फोल्डरचं नाव बदलून बघा, कोरं प्रोफाइल तयार होईल. बॅकपोर्टवरून मागे फिरतानाही हाच उपाय लागतो.

सगळ्यात वाईट मार्ग व्हॉट्सॲपवर फिरत असतो: बुकवर्मच्या यादीत डेबियन १३ ची, म्हणजे ट्रिक्सीची ओळ घाला आणि हवं ते घ्या. ट्रिक्सीतला प्रोग्रॅम जीलिबसी (वर जिला लिबसी म्हटलं ती सगळ्यांच्या पायातली लायब्ररी) २.४१ वर बांधलेला असतो, तुमच्याकडे २.३६ आहे. म्हणून ॲप्ट आधी जीलिबसी नवी आणतं, तिच्यामागून अर्धी सिस्टिम ओढली जाते आणि अर्धी जुनीच राहते. यातून मागे येता येत नाही, कारण जीलिबसी खाली उतरवण्याची अधिकृत वाटच नाही.

आता जिम्प ३. ३.० मार्च २०२५ मध्ये आलं. डेबियन १२ मध्ये २.१० आहे. इथे माझं उत्तर उलट आहे: बॅकपोर्ट करू नका.

कारण असं. जिम्प एकटं येत नाही, त्याच्यासोबत बॅबल आणि जेगल या त्याच्या दोन लायब्रऱ्या नव्या लागतात. म्हणजे तीन पॅकेजं बांधायची, त्याच क्रमाने. ट्रिक्सीतलं तयार डेब उतरवून बसवायचा प्रयत्न केलात तर ते ‘लिबग्लिब... टी६४’ अशा नावाचं पॅकेज मागेल, जे तुमच्याकडे कधीच सापडणार नाही. हे टी६४ म्हणजे २०३८ सालची तयारी. जुना ३२-बिट वेळमोजणीचा आकडा तेव्हा भरून वाहणार, म्हणून ट्रिक्सीत वेळ ६४-बिट केली आणि त्या ओघात शेकडो लायब्ररी-पॅकेजांची नावं बदलली. स्रोतापासून स्वतः बांधलं तर बहुतेक अवलंबनांना जुनी नावं आपसूक लागतात. पण मागे न्यायच्या लायब्ररीचं स्वतःचंच नाव टी६४ झालं असेल, तर ते हाताने पूर्ववत करावं लागतं. करता येत नाही असं नाही. कोऱ्या क्रूटमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त डेबियनमध्ये, एसबिल्डने बांधायचं, डीसीएच वापरून आवृत्तीच्या शेवटी ‘टिल्ड बीपीओ१२’ ही शेपटी लावायची, रेप्रेप्रोने सही केलेलं छोटं भांडार करायचं. त्या शेपटीतला टिल्ड (~ हे चिन्ह) फार कामाचा. डीपीकेजीच्या मोजणीत टिल्ड असलेली आवृत्ती टिल्ड नसलेल्या तिच्याच आवृत्तीहून लहान धरली जाते, म्हणून उद्या डेबियन १३ वर गेलात की तिथलं मूळ पॅकेज आपोआप याची जागा घेतं. शेपटी न लावता बांधलं तर तुमचंच पॅकेज अडून बसू शकतं. हे सगळं येत असूनही एका शाळेसाठी मी हे करणार नाही. दुरुस्त्या कोण बांधणार, या प्रश्नाला इथे उत्तर नाही.

त्याऐवजी जिम्पवाले स्वतः जी ॲपइमेज देतात ती घ्या. एकच फाइल, पेनड्राइव्हवरून फिरवता येते, सिस्टिमला हात लावत नाही, नको झाली की पुसून टाकायची. ऑप्ट फोल्डरात ठेवा, चालवण्याची परवानगी द्या, मेनूसाठी एक डेस्कटॉप फाइल करा. ४ जीबी रॅमच्या संगणकांवरच ठेवा. २ जीबीवर २.१० राहू द्या, फोटो कापायला आणि प्रमाणपत्रावर नावं टाकायला ते पुरतं. (फ्लेक्सवाला तसंही कोरलड्रॉची फाइल मागतो, त्याला जिम्पच्या आवृत्तीचं कौतुक नाही.) एक नियम मात्र मुलांना घालून द्या: जिम्प ३ मध्ये लेयरवर फिल्टर जिवंत ठेवून जतन केलेली एक्ससीएफ फाइल २.१० मध्ये उघडायला नेऊ नका. शेजारच्या संगणकावर न्यायचं असेल तर पीएनजी करून न्या.

ॲपइमेज घेतल्यावर पहिली परीक्षा चित्राची नको, मराठी टायपिंगची घ्या. असे डबाबंद प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्या सोबत आणतात आणि त्यात आयबसचा, म्हणजे मराठी टायपिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, जोडभाग नसला तर इनस्क्रिप्ट चालतच नाही. अक्षर-साधनाने ‘पऱ्हाटी’, ‘ज्ञान’, ‘ॲप’ हे तीन शब्द लिहून बघा. पऱ्हाटीतला ऱ्ह नीट जुळला, ॲवरचा चंद्र जागेवर आला, की पुढे जा. नसेल जमत तर मजकूर टेक्स्ट एडिटरात लिहून चिकटवा. कटकट आहे, पण चालतं.

डबाबंद प्रोग्रॅमची दुसरी पद्धत, फ्लॅटपॅक, तिचं थोडक्यात. ब्रॉडबँड असतं तर मी ॲपइमेजऐवजी तेच सांगितलं असतं, कारण ते अद्ययावत होतं. पण प्रोग्रॅमसोबत त्याचा रनटाइमही, म्हणजे त्याला चालायला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा गठ्ठाही, उतरतो आणि तो शेकडो एमबीचा असतो. हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा एका संगणकातच संपेल. एका ठिकाणी उतरवून यूएसबीवर गठ्ठा करायची सोय त्यात आहे, तालुक्याला कुठे चांगलं इंटरनेट मिळालं तर वापरून बघा.

ते चार ३२-बिटचे. त्यांच्यावर काहीही बॅकपोर्ट करण्यात वेळ घालवू नका. डेबियन ११ चा एलटीएस, म्हणजे वाढीव मुदतीचा, आधार ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतो, लिब्रऑफिसवाले ३२-बिट लिनक्ससाठी कधीचेच काही बांधत नाहीत, फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारातही ३२-बिटसाठी काही उरलेलं नाही. आधी एलएससीपीयू ही आज्ञा चालवून ‘ऑप-मोड’ची ओळ वाचा. तिथे ६४-बिट लिहिलेलं असेल, तर प्रोसेसर ६४-बिटचाच आहे, फक्त कोणीतरी रॅम कमी म्हणून ३२-बिटची सिस्टिम टाकली होती. कोअर २ ड्युओ आणि पेंटियम ड्युअल-कोअरच्या डब्यांत हे हमखास आढळतं. तसं असेल तर होम फोल्डर बाहेर काढून ६४-बिट डेबियन कोरं बसवा. चालू सिस्टिम ३२ वरून ६४ वर वळवायच्या खटपटीत पडू नका. आणि तिथे नुसतंच ३२-बिट असेल, उदाहरणार्थ ॲटम एन२७०, तर डेबियन १२ हा त्याचा शेवटचा थांबा. १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. तो संगणक टायपिंगच्या सरावाला ठेवा.

राहिला प्रश्न बाकीची लॅब १३ वर कधी न्यायची. डेबियन १२ चा नियमित आधार जून २०२६ पर्यंत आणि एलटीएस जून २०२८ पर्यंत. पण बॅकपोर्ट्सचं भांडार एलटीएसएवढं थांबत नाही, नवी आवृत्ती आल्यावर साधारण वर्षभरच चालतं, आणि ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. म्हणजे बॅकपोर्टचं लिब्रऑफिस हे थोड्या दिवसांचं भाडं आहे. ते बंद झालं की पॅकेज संगणकावर राहील, पण त्याला दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि एलटीएसवाले त्याकडे बघणार नाहीत. ब्राउझरची काळजी करू नका. फायरफॉक्स ईएसआर जुन्या आवृत्तीतही सुरक्षा-भांडारातून नवं होत राहतं, त्यासाठी बॅकपोर्ट लागत नाही.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत वेळ मिळतो, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या लॅबमध्ये दुपारी हे काम करू नका. तापलेला जुना प्रोसेसर अपग्रेडच्या मध्यात बंद पडला तर लाइन गेल्यासारखंच होतं. सकाळी सात ते दहा बरं. दिवाळीची सुटी त्याहून बरी. ११ वरून थेट १३ वर उडी नाही, मध्ये १२ वर थांबावंच लागतं. १२ पासून वायफायचं फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाच्या वेगळ्या विभागात गेलंय. तो शब्द यादीत घातला नाही तर अपग्रेडनंतर डोंगल मरतो, आणि डोंगल मेला की दुरुस्ती उतरवायलाही वाट उरत नाही. १३ वर जाण्याआधी बूट विभाजन वेगळं असेल तर त्यात ३०० एमबी तरी मोकळे ठेवा.

१३ मध्ये टेंप फोल्डर डिस्कवरून रॅममध्ये गेलंय आणि ते अर्ध्या रॅमपर्यंत फुगू शकतं. २ जीबीच्या संगणकावर मुलाने टेंपमध्ये मोठा व्हिडिओ उतरवला की सगळं गोठू शकतं आणि दोष नव्या लिब्रऑफिसला जातो. तिथे सिस्टमडीला ‘टेंप डॉट माउंट’ मास्क, म्हणजे बंद, करायला सांगून रीस्टार्ट करा, फोल्डर पुन्हा डिस्कवर येतं.

सुरुवात ४ जीबीच्या एकाच संगणकापासून करा. त्यावर बॅकपोर्टचं लिब्रऑफिस बसवून आठवडाभर पंचायत समितीच्या फाइली त्याच्यावरच भरा, एकदा प्रिंटही काढून बघा. हजेरीच्या वहीसारखी एक वही लॅबमध्ये ठेवा: कोणत्या संगणकावर कोणतं पॅकेज कुठून आणलं, कोणत्या तारखेला, आणि ते कसं काढायचं. आठवड्यात काही अडलं तर त्या संगणकावरची ‘ॲप्ट पॉलिसी लिब्रऑफिस’ची सगळी उतरण आणि अडलेल्या खान्यातलं सूत्र जसंच्या तसं लिहून पाठवा, नुसत्या स्क्रीनच्या फोटोवरून कारण कळत नाही.